कुणीतरी उठून गेल्याचा आवाज

मित्रांनो, घाबरू नका. आवाज कपाटातून येतोय खरा, पण आत कोणी दडून बसलेलं नाही. मी एक जुना रेकॉर्डर आहे. लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, वाळलेल्या पेनांच्या आणि एका तुटक्या फूटपट्टीच्या शेजारी पडून असतो. लांबीला तुमच्या तळहाताएवढा, अंगावर एक लाल बटण, बस्स. भिंतींना कान असतात असं मोठी माणसं म्हणतात. भिंतींचं मला ठाऊक नाही, पण मला कानांशिवाय दुसरं काही नाहीच. डोळे नाहीत, नाक नाही. मी सांगणार ते सगळं ऐकलेलं आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, मी ऐकलेल्यात पदरचं काही घालत नाही. ती सवय माणसांची.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब टेबलाशी ओळीने बसलेल्या बायकांनी मला जोडलं. हात चालू आणि तोंडंही चालू. कुणाच्या सासूचं दुखणं, कुणाच्या लेकीची परीक्षा, सगळं माझ्या कानांवरून जात होतं. पण तेव्हा माझ्या पोटात काही राहत नसे. मग एका तपासनिसाने मला उचललं, लाल बटण दाबलं आणि म्हणाला, "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." आणि खोकला. तो खोकला ही माझ्या आयुष्यातली पहिली नोंद. लगेच पुसली म्हणा, पण पहिली ती पहिलीच.

सुरुवातीची दोन वर्षं मी एका कचेरीत बैठका टिपल्या. पाच जण दोन-दोन तास बोलायचे आणि शेवटी पुढची बैठक कधी घ्यायची ते ठरवायचे. मला वाटायचं, एवढ्यासाठी का आपण जन्माला आलो? तेवढ्यात ती कचेरी मोडीत निघाली आणि मी ताईंच्या हाती आलो. तिथून माझ्या आयुष्याला अर्थ आला. भीतीही तिथूनच आली.

ताईंचं काम चारचौघांना पटकन कळत नसे. त्या ना डॉक्टर, ना नर्स. त्या विद्यापीठातून आल्या होत्या आणि दवाखान्यात माणसांशी बोलत बसायच्या. झाडणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्यासुद्धा, "ताई, तुमचं बरं आहे हो, गप्पा मारायचा पगार मिळतो." ताई मोकळं हसल्या. त्यांचं काम होतं, माणसं 'नाही' का म्हणतात ते शोधून काढायचं.

म्हणजे काय, ते नीट सांगतो. त्या दवाखान्यात घशातल्या गाठीचे रुग्ण यायचे. त्यावर दोन उपचार चालायचे. एक, गाठ कापून काढायची. दुसरा, किरणांनी जाळायची. दोन्ही वर्षानुवर्षं चालत आलेले. पण दोहोंतला बरा कोणता, हे जगात कुणालाच छातीठोक सांगता येत नव्हतं. ते कळायला एकच वाट होती. दोनशे रुग्णांनी तयार व्हायचं, निम्म्यांना एक, निम्म्यांना दुसरा, आणि कुणाला कोणता ते संगणकाने चिठ्ठी काढल्यासारखं ठरवायचं. डॉक्टरच्या मर्जीने नाही, रुग्णाच्याही नाही. मग काही वर्षांनी मोजून बघायचं. याला तिथे सगळे 'अभ्यास' म्हणत.

हा अभ्यास मोठ्या डॉक्टरांनी मांडला होता. पण दीड वर्षात दोनशेंपैकी फक्त एकतीस माणसं तयार झाली होती. बाकीची सगळी 'घरी विचारून सांगतो' म्हणून गेली ती गेली. वरच्या समितीने बजावलं होतं, नऊ महिन्यांत शंभराचा आकडा गाठा, नाही तर अभ्यास बंद. म्हणून ताईंना बोलावलं होतं.

आणि डॉक्टरांना हा अभ्यास नुसता कामाचा नव्हता. ते सिस्टरांनी ताईंना सांगितलं, पहिल्याच आठवड्यात, आवाज खाली आणून. मी टेबलावर चालूच होतो.

"सरांच्या बायकोला हाच आजार झाला होता ताई. चाकू दुसऱ्या डॉक्टरांनी धरला, पण कापायचं ठरवलं सरांनी. जीव वाचेल म्हणून. आवाज गेला त्यांचा. पुढे चौदा महिने जगल्या, एक शब्द न बोलता. आणि मग गेल्याच. सरांना कळायला हवंय, दुसरं केलं असतं तर काय झालं असतं. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत त्यांच्या. अभ्यास बंद पडला तर ते कधीच कळायचं नाही."

"सर असं बोलले तुमच्याशी?"

"छे हो! ते कशाला बोलतील? अकरा वर्षं त्यांच्यासोबत काम करते मी. न बोलताच कळतं."

ताईंची काम करायची एक रीत होती. कुठल्याही खोलीत कुणाला बोलतं करण्याआधी त्या मला टेबलावर ठेवत, बटण दाबत आणि एक मिनिट रिकामी खोली टिपून घेत. त्यांच्या गुरूंनी तसं शिकवलं होतं. खोलीचे स्वतःचे आवाज आधी माहीत असले, म्हणजे मग माणसांचे कोणते ते वेगळे काढता येतात. डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत ट्यूबलाइट गुणगुणायची, कोपऱ्यातला नळ थेंब थेंब गळायचा आणि लांबून ढकलगाडीची चाकं कुरकुरायची. एवढंच. त्या मिनिटात दुसरं काहीही नव्हतं, हे ध्यानात ठेवा.

मग रुग्ण यायचे. रेकॉर्डर चालू ठेवला तर चालेल का, असं आधी विचारलं जायचं, सही घेतली जायची. अभ्यास संपला की आवाज पुसून टाकू, असंही त्या कागदावर लिहिलेलं असायचं. आणि डॉक्टर बोलायला लागायचे. मित्रांनो, काय सुरेख बोलायचे ते! घाई नाही, अवघड शब्द नाहीत, खोटी आशा नाही. मी कचेरीतल्या बैठका ऐकून पिकलेला, मला चांगलं बोलणं कळतं. रुग्ण हं हं करत ऐकायचे, मधेच एखादा विनोदही करायचे. आणि मग, कुठेतरी निम्म्यावर, त्यांचं हं हं थांबायचं. श्वास आखडायचा. आणि थोड्या वेळाने तेच ठरलेलं वाक्य यायचं.

"बरं. घरी विचारून सांगतो."

आठवड्याभराने ताई मला घेऊन त्यांच्या घरी जायच्या. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांचं घर मला अजून आठवतं. चारही भिंतींवर टिकटिक. माझी तर भंबेरी उडाली, कुणाचं टिपू आणि कुणाचं नको!

"डॉक्टरांबद्दल एक वावगा शब्द काढणार नाही मी," आजोबा म्हणाले. "सज्जन माणूस."

"मग नाही का म्हणालात?"

"सांगितलं तर हसाल."

"नाही हसणार, आजोबा."

घड्याळं चालू राहिली. "मधेच कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं बघा. खोलीत आम्ही तिघंच. मी, डॉक्टर आणि माझी सून. तिघंही जागच्या जागी. पण कुणीतरी उठलं आणि गेलं. मग मला तिथे बसवेना. सुनेला म्हटलं, चल बाई घरी."

ताई हसल्या नाहीत. पण वाटेत त्यांनी दिवसाचं टिपण माझ्या कानाशी बोलताना दोनदा घसा साफ केला.

पुढच्या घरी शाळेतल्या एक बाई होत्या. त्यांना कारण विचारलं तर त्यांनी पाच कारणं दिली, एकही धड नाही. उठता उठता म्हणाल्या, "खरं सांगू का, एकाएकी खोली रिकामी झाली हो. डॉक्टर समोरच होते, बोलतही होते. पण खोली रिकामी झाली." तिसरे बस चालवणारे काका. त्यांचा आवाज असा की मी टेबलावर थरथरायचो. ते म्हणाले, "आमच्या धंद्यात मागच्या सीटवरचा माणूस उतरला की आरशात न बघता कळतं. गाडी हलकी होते. तसं झालं. म्हटलं, इथे आपलं काम नाही. परत आलात तर चहा पाजीन, पण त्या दवाखान्याचं नाव नको."

तीन घरं. एकमेकांना कधी न भेटलेली तीन माणसं. आणि तिघांच्या तोंडी एकच गोष्ट. ताई त्या दिवशी दवाखान्यात परत आल्या तेव्हा मावशी लादी पुसत होत्या. ताईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, या खोलीत तुम्हाला कधी काही वेगळं वाटलंय?"

फडक्याचा आवाज थांबला. "तुम्हालाही कळलं म्हणा की," मावशी म्हणाल्या. "डॉक्टरसाहेबांची बायको याच खुर्चीत बसायची, शेवटी शेवटी. बोलता येत नव्हतं बिचारीला. काही हवं असलं की खुर्ची सरकवायची, म्हणजे साहेबांचं लक्ष जाईल. मी त्या खुर्चीला कधी पाठ दाखवत नाही. तुम्हीही दाखवू नका."

"काहीतरीच मावशी!"

"काहीतरीच तर काहीतरीच. तुमचं ते डबडं लावून ऐका ना मग, त्याला तरी कळेल."

डबडं म्हणजे मी. राग आला, पण सल्ला बरोबर होता.

ताईंची बसायची जागा दुसऱ्या मजल्यावर होती, एका अडगळीच्या खोलीत. भर दुपार, खिडकी उघडी, बाहेर रस्त्यावर वर्दळ. ताईंनी कानांना हेडफोन लावले आणि डॉक्टरांच्या खोलीतल्या सगळ्या मुलाखती पहिल्यापासून ऐकायला घेतल्या. मी माझ्या पोटातलं एकेक बाहेर काढत होतो. मित्रांनो, एक गोष्ट तुम्हाला सांगतो. माझ्या पोटात कुणी मरत नाही. एक काकू मुलाखतीनंतर महिन्याने गेल्या होत्या, पण बटण दाबलं की त्या म्हणायच्या, "उद्या भाजी आणायला जायचंय मला." त्यांचा तो उद्या अजून यायचा होता. मला याची सवय आहे. ताईंना नव्हती, त्यांनी तिथे जरा वेळ मला थांबवलं.

मग त्यांना तो आवाज ऐकू आला. आधी 'टक्'. मग अर्ध्या श्वासाने 'घर्रर्र'. बारीक, लांबट. डॉक्टर नुकतेच म्हणाले होते, "आता कोणता उपचार मिळेल ते संगणक ठरवेल." ताईंनी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. दुसरी मुलाखत लावली. त्याच वाक्यापाशी, टक्, घर्रर्र. तिसरी. चौथी. चौदाच्या चौदा मुलाखतींत तोच आवाज, त्याच जागी. आणि त्यानंतर दर वेळी समोरच्याचा श्वास आखडलेला. रिकाम्या खोलीच्या मिनिटांत मात्र तो कुठेच नव्हता. म्हणजे तो खोलीचा नव्हता. कुणाचा तरी होता.

पंधराव्या मुलाखतीला ताईंनी झटकन मागे वळून पाहिलं असावं, कारण हेडफोनची वायर ताणली गेली आणि मी टेबलावरून घसरलो. कानात खुर्ची सरकली होती आणि त्यांना ती आपल्या पाठीमागेच सरकल्यासारखी वाटली. मागे कुणी नव्हतं. पण त्या मुलाखतीचं खरं भय वेगळंच होतं. त्या दिवशी डॉक्टर रजेवर होते. रुग्णाला सगळं समजावून सांगितलं होतं सिस्टरांनी. आवाज तरीही होता. टक्. घर्रर्र.

ताईंनी मला उचललं, छातीशी धरलं. त्यांचं काळीज किती जोरात धडधडत होतं ते मी टिपलं. घाईत बटण दाबलं गेलं होतं.

दुसरं कुणी असतं तर दुसऱ्याच दिवशी बाडबिस्तरा आवरला असता. ताईंनी उलट केलं. पुढच्या रुग्णाची परवानगी घेतली आणि स्वतः त्या खोलीत, कोपऱ्यात नळाशेजारी स्टूल टाकून बसल्या. मला टेबलावर ठेवलं. खोलीत काय दिसलं ते त्यांनी नंतर जिन्यात उभं राहून मला सांगितलं, इतक्या घाईने की शब्दावर शब्द पडत होते.

"डॉक्टर 'संगणक ठरवेल' म्हणाले. म्हणता म्हणता पेनाला टोपण लावलं. पेन खिशात गेलं. आणि पायाने रेटून चाकाची खुर्ची मागे नेली, फार नाही, वीतभर. त्यांना पत्ताच नाही. बोलणं चालू, चेहऱ्यावर हसू. फक्त खुर्ची मागे. आणि समोरच्या बाईंनी लगेच पर्स उचलून मांडीवर घेतली."

मग त्यांनी सिस्टरांनाही पाहिलं. टोपण, खिसा, खुर्ची. अकरा वर्षं शेजारी बसून सिस्टरांनी डॉक्टरांचं बोलणं उचललं होतं, त्यासोबत हेही उचललं होतं. त्यांनाही पत्ता नव्हता. म्हणजे बघा, दोनशे माणसांची वाट पाहणारा माणूस स्वतःच येईल त्याला वीतभर मागे सरून परत पाठवत होता. आणि हे त्यांना सांगणार कोण?

ताईंनी सांगितलं. सहा महिने उरले होते आणि आकडा छत्तिसावर अडकला होता. डॉक्टर आधी तडकले. तडकणारच.

"माझ्या बोलण्यात चूक आहे म्हणता? तीस वर्षं बोलतोय मी रुग्णांशी."

"बोलण्यात चूक नाहीच सर. म्हणून तर सापडत नव्हती. तुम्ही फक्त ऐका. मी एक शब्द बोलणार नाही."

त्यांनी बटण दाबलं. डॉक्टरांनी स्वतःचा आवाज ऐकला, जरा संकोचून हसले. टक्, घर्रर्र. "हे काय आहे?" ताईंनी पुढची लावली. दुसरी मुलाखत. टक्, घर्रर्र. "खुर्ची का? माझी?" तिसरी. घड्याळवाल्या आजोबांची. तो आवाज, मग आजोबांचा अडकलेला श्वास, मग "चल बाई घरी." चौथ्या मुलाखतीला तो आवाज आला आणि डॉक्टरांनी स्वतःच बटण दाबलं. ऐकवणं थांबलं आणि टिपणं सुरू झालं. खोलीत बराच वेळ नळ गळत राहिला.

"हे मी तिच्यासमोर केलं होतं," ते म्हणाले. "तिने विचारलं होतं, दुसरं काही नाही का करता येणार? मी पेन बंद केलं. मागे सरलो. म्हटलं, हेच करायचं. तिला काय वाटतं ते ऐकायला थांबलोच नाही. मला धीर नव्हता हो. थांबलो असतो तर ती रडली असती आणि मग माझ्याच्याने काही ठरवणं झालं नसतं."

"सर..."

"आता 'दुसरं' म्हणायची वेळ आली की हात आपोआप चालतो वाटतं. एवढी माणसं परत पाठवली मी?"

"माणसं म्हणतात, कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटतं."

"बरोबरच म्हणतात," डॉक्टर म्हणाले आणि मग त्यांना रडू आलं. मोठ्या माणसाचं रडणं मी तेव्हा पहिल्यांदा टिपलं. ताईंनी ती नोंद लगेच पुसली. ती कुणाच्या कामाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि डॉक्टरांच्या आणि सिस्टरांच्या, दोन्ही खुर्च्यांची चाकं काढून लाकडी पाय ठोकून गेला. पेन आता टेबलावर उघडं राहू लागलं. पण सवय का अशी खुर्चीसोबत जाते? पहिले काही दिवस डॉक्टर त्या वाक्यापाशी आले की अडखळायचे. ताई त्यांना पुनःपुन्हा एकच सांगायच्या, "सांगून झालं की विचारा, काय वाटतं. आणि मग गप्प बसा. मनात वीस मोजा हवं तर." आणि आणखी एक वाक्य त्यांनी डॉक्टरांच्या तोंडी बसवलं. ते डॉक्टरांना कडू औषधासारखं गेलं.

शिवणकाम करणाऱ्या एक काकू आल्या होत्या, त्या दिवशी ते पहिल्यांदा नीट बाहेर पडलं. डॉक्टर म्हणाले, "या दोन्हीतलं बरं कोणतं, ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. म्हणून तर हा अभ्यास."

"अगं बाई! तुम्हालाच माहीत नाही?"

"नाही."

"इतकी वर्षं करताय तरी?"

"तरी नाही. काय वाटतं तुम्हाला?"

मग शांतता. मी मोजली, एकतीस सेकंद. कोणी हललं नाही. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात लांब एकतीस सेकंद होते, आणि मी बैठका ऐकलेल्या आहेत. शेवटी काकू म्हणाल्या, "कापड बेतताना मीही गिऱ्हाइकाला खोटं सांगत नाही. पुरेल की नाही माहीत नसलं तर माहीत नाही म्हणते. लिहा माझं नाव. माझ्यावरून कळलं तर कळू दे."

सगळेच तयार झाले असं मात्र समजू नका. ते बसवाले काका ताईंच्या सांगण्यावरून पुन्हा आले, सगळं ऐकलं, डॉक्टरांशी अर्धा तास वाद घातला आणि खणखणीत नाही म्हणाले. "मला कापूनच टाकायचीय. गाठ पोटात ठेवून... म्हणजे घशात ठेवून मला स्टिअरिंग धरवायचं नाही." डॉक्टर हसले, म्हणाले, "ठीक आहे, तसं करू." तो नकार ऐकून ताई खूश झाल्या. त्याला कारण होतं, आणि माणूस ते कारण सांगून गेला होता.

आकडा वाढत गेला. पन्नास, सत्तर. मुदतीच्या अकरा दिवस आधी शंभरावं नाव लागलं. सिस्टरांनी मला उचलून एक गिरकी घेतली. अभ्यास वाचला होता.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, मी कबूल केलंय ना, पदरचं घालणार नाही आणि टिपलेलं लपवणारही नाही. चाकं काढल्यानंतर चार महिन्यांनी टिपलेली एक मुलाखत होती. खोलीत तेव्हा चाकाची एकही खुर्ची नव्हती. डॉक्टर रुग्णाला विचारतात, काय वाटतं, आणि गप्प बसतात. त्या गप्प बसण्यात, सतराव्या सेकंदाला, घर्रर्र ऐकू येतं. बारीक, लांबट. फक्त या वेळी ते लांब जाणारं नाही. जवळ येणारं आहे. ताईंनी ते दोनदा ऐकलं. वहीत काही लिहिलं नाही. मी टिपतो, अर्थ लावत नाही.

पुढे माझी गरज संपली. ताई दुसऱ्या गावी दुसऱ्या कामावर गेल्या. मुलाखती तेवढ्या राहू द्यायच्या होत्या, म्हणून मला या खणात ठेवलं. धूळ बसली. मावशी महिन्यातून एकदा खण उघडून म्हणायच्या, "आहेस का रे डबड्या?" मग त्याही यायच्या बंद झाल्या. कौतुकाचे दिवस किती आणि अडगळीचे किती, याचा हिशेब मी काढत नाही. रडू येतं.

तीन वर्षांनी एका दुपारी खण उघडला. श्वासावरून ओळखलं, डॉक्टर. निवृत्तीचा शेवटचा आठवडा असावा, खोलीत खोकी ओढल्याचे आवाज येत होते. त्यांनी नवी बॅटरी घातली, मला टेबलावर ठेवलं आणि बटण दाबलं. रुग्ण कुणी नव्हतं. दार लावलेलं होतं. तरी ते कुणाला तरी समोर बसवून बोलावं तसं बोलले.

"निकाल आला गं. दोनशे चार माणसं झाली शेवटी. दोन्हीकडे सारखीच जगली. कापलेली आणि न कापलेली, आयुष्य सारखंच. म्हणजे तुझा जीव मी घालवला नाही, एवढं कळलं."

कागद चुरगळल्याचा आवाज झाला.

"पण किरणांच्या गटात बहुतेकांचा आवाज राहिला. ते चौदा महिने तू बोलली असतीस. वाचवायला गेलो जीव आणि घेतलं तेवढं बोलणंच. तेव्हा विचारायला हवं होतं, ते आता विचारतो. तुला काय हवं होतं? सांग. मी इथेच आहे."

त्यानंतर ते काही बोलले नाहीत. मी टिपत राहिलो. बॅटरी संपेपर्यंत टिपत राहिलो.

मग ताई आल्या, कागदावर लिहून दिलेला शब्द पाळायला. त्यांनी माझ्या पोटातले आवाज एकेक करून पुसले. घड्याळवाले आजोबा गेले. बसवाले काका गेले. ज्यांचा उद्या यायचा होता त्या काकूही गेल्या. त्यांचं काम झालं होतं, आवाज ज्याचे त्याला परत करायलाच हवे होते. पण मला फार रितं रितं वाटलं. शेवटी एकच नोंद उरली. ती रुग्णाची नव्हती, कुठल्या कागदावर नव्हती. ताईंनी ती थोडी ऐकली, हेडफोन काढून ठेवले आणि पुसली नाही. डॉक्टर तोवर वारले होते.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला उपदेश शोभत नाही. माझी काळजी घ्या असंही मी म्हणणार नाही. माझं आयुष्य झालं. पण तुम्ही मोठे व्हाल. कुणी डॉक्टर व्हाल, कुणी मास्तर, कुणी कुणाचे आई-बाबा. कधी ना कधी समोरच्याला अवघड काही सांगावं लागेल आणि विचारावं लागेल, तुला काय वाटतं. तेव्हा मनाने पळून जाऊ नका. समोरचा लगेच बोलणार नाही. कदाचित नाही म्हणेल, कदाचित रडेल. तरी उत्तर येईपर्यंत थांबा, आणि ते जिवंतपणी थांबा.

माझ्या पोटात डॉक्टर अजून थांबलेले आहेत.